थंडीच्या रात्री बिव्ही बॅगमध्ये सुखाने झोपण्यासाठी

बिव्ही बॅग म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची, पाणी आणि वारा अडवणारी, अंगाएवढी एक पिशवी. ती सॅकमध्ये जेमतेम एका लोट्याएवढी जागा घेते, तंबूसारखे खांब आणि खुंट्या मागत नाही आणि माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा मिळाली की तिचे काम भागते. त्यामुळे हिवाळ्यात हरिश्चंद्रगड, साल्हेर, रतनगड यांसारख्या किल्ल्यांवर उघड्यावर मुक्काम करणाऱ्या अनेकांना ती हवीशी वाटते. मात्र ती विकत घेताना बहुतेकांची अशी समजूत असते की या पिशवीत शिरले की ऊब मिळेल. ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. बिव्ही बॅग स्वतः ऊब देत नाही. ऊब शरीराची असते, ती धरून ठेवण्याचे काम स्लीपिंग बॅग आणि मॅट करतात, आणि बिव्ही बॅग फक्त त्या दोघींना वाऱ्यापासून आणि ओलीपासून राखते. वारा पडलेल्या रात्री तिच्यामुळे जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो, भणाणत्या वाऱ्यात तो जास्त जाणवतो. ज्याने हे ध्यानात घेतले त्याची तयारी आपोआप योग्य दिशेने होते, कारण मग त्याचे सगळे लक्ष कोरडे राहण्याकडे लागते. थंडीच्या रात्रीची झोप बहुतेक वेळा ओलीमुळेच मोडते.

किती थंडीची तयारी ठेवायची याचा अंदाज निघण्यापूर्वीच बांधता येतो. हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर किंवा साल्हेरच्या १,५६७ मीटरवर पायथ्याच्या गावातील आकडा जसाच्या तसा धरून चालत नाही. उघड्या माथ्यावर डिसेंबरअखेरीस पारा दहा अंशांच्या खाली जाणे नेहमीचे आहे, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली असेल तर तो त्याहून पुष्कळ खाली उतरतो. वारा असेल तर अंगाला लागणारी थंडी पाऱ्यापेक्षा अधिक बोचते. नोव्हेंबरातल्या आणि जानेवारीतल्या रात्रींमध्येही फरक असतो. नोव्हेंबरात जमिनीत आणि हवेत पावसाळ्याचा ओलावा शिल्लक असल्यामुळे थंडी कमी असली तरी दहिवर भरपूर पडते; जानेवारीत हवा कोरडी होते आणि थंडी मात्र हाडांपर्यंत पोहोचते. बिव्ही बॅगची खरी कसोटी लागते ती पहिल्या प्रकारच्या रात्री.

पिशवीची निवड

बाजारात तीन प्रकार दिसतात. चंदेरी मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकची पिशवी शंभर-दीडशे ग्रॅमची आणि स्वस्त असते, पण तिच्यातून वाफ अजिबात बाहेर जात नाही. ती सॅकच्या तळाशी आणीबाणीसाठी असावी, ठरवून केलेल्या मुक्कामासाठी नसावी. दुसरा प्रकार रबरासारखा लेप दिलेल्या नायलॉनचा; तो टिकाऊ असतो, पण वाफेच्या बाबतीत पहिल्याचाच भाऊ. तिसरा प्रकार गोअर-टेक्स किंवा तत्सम पापुद्रा असलेल्या कापडाचा, ज्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही आणि वाफ काही प्रमाणात बाहेर जाते. त्याचे वजन साधारण तीनशे ते नऊशे ग्रॅमच्या दरम्यान असते आणि किंमत खिशाला जाणवणारी असते. वर्षातून एखादीच रात्र उघड्यावर काढणाऱ्याने हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या मॅटवर घालावेत. वरचेवर जाणाऱ्याने मात्र तिसऱ्या प्रकाराशिवाय दुसरे काही घेऊ नये.

घेताना मापाकडे नीट पाहावे. दुकानात आपली स्लीपिंग बॅग बरोबर न्यावी, ती बिव्ही बॅगमध्ये घालावी, आत शिरावे आणि पाय ताणून, कूस बदलून पाहावे. स्लीपिंग बॅगमधली ऊब तिच्या फुगीरपणात असते, कारण तंतूंमध्ये किंवा पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवाच उष्णता रोखते. बाहेरची पिशवी घट्ट असेल तर पावलांपाशी, गुडघ्यांपाशी आणि खांद्यापाशी हा फुगीरपणा चेपला जातो आणि नेमक्या त्याच जागा पहाटे गार पडतात. पाय पूर्ण ताणल्यावरही पावलांच्या पुढे वीतभर जागा उरली पाहिजे. तिथे दुसऱ्या दिवशीचे मोजे आणि पाण्याची बाटलीही राहते.

स्लीपिंग बॅगवर छापलेला अंशांचा आकडा वाचतानाही दक्षता हवी. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर एकापेक्षा अधिक आकडे असतात. आरामाचा आकडा हा झोप लागण्याचा, मर्यादेचा आकडा हा अंग आक्रसून कशीबशी रात्र काढण्याचा आणि टोकाचा आकडा केवळ जीव वाचण्याचा असतो. जाहिरातीत ठळक अक्षरांत बहुधा सर्वांत खालचा आकडा असतो. सह्याद्रीतल्या हिवाळ्यासाठी आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असलेली बॅग बहुतेकांना पुरते. ज्यांना मुळातच थंडी बाधते त्यांनी शून्याच्या जवळची घ्यावी. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की तिचा फुगीरपणा जातो. म्हणून दहिवराच्या दिवसांत, आणि विशेषतः सलग दोन-तीन मुक्काम असतील तेव्हा, कृत्रिम तंतूंची बॅग थोडी जड असली तरी अधिक भरवशाची ठरते.

अंगाखाली काय आहे

अंगाखालची स्लीपिंग बॅग शरीराच्या भाराने चपटी होते आणि तिचा उपयोग जवळजवळ संपतो. जमिनीकडून येणारा गारवा अडवते ती मॅट. रात्री अंगाला कुठे थंडी वाजते ते नीट पाहिले तर पाठ, कंबर आणि नितंब याच जागा निघतात, आणि तरीही माणूस वर पांघरायला आणखी काही शोधत राहतो. मॅटची उष्णता रोखण्याची क्षमता आर-मूल्याने सांगतात आणि एकावर एक दोन मॅट घातल्या तर त्यांच्या मूल्यांची बेरीज होते, ही मोठी सोय आहे. फोमची साधी मॅट एक ते दोनच्या दरम्यान असते. आपल्याकडच्या कातळावर, जो दिवसभर तापला तरी उत्तररात्रीपर्यंत पार गार होतो, दोनच्या वर मूल्य असावे. म्हणजे एक साधी फोमची मॅट आणि तिच्यावर दुसरी, किंवा घडी घातलेली घोंगडी.

घोंगडीचा उल्लेख मी आदराने करतो. धनगरी घोंगडी वजनाला जड असते हे खरे, पण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. पायथ्यापर्यंत गाडी जाणार असेल आणि चढण तासा-दीड तासाची असेल, तर घोंगडी नेण्याचा आळस करू नये.

मॅट बिव्ही बॅगच्या आत ठेवायची की बाहेर, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. फोमची मॅट बाहेर ठेवावी, कारण ती दगडांपासून आणि काट्यांपासून पिशवीच्या तळाचे रक्षण करते आणि आतली जागा मोकळी राहते. हवा भरायची मॅट मात्र आतच असावी, कारण करवंदीचा एक काटा तिला रात्रभरासाठी निकामी करतो. सह्याद्रीत काट्यांहूनही चिवट त्रास कुसळांचा असतो. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची ही टोकदार बी कापडात शिरली की तिचे उलट्या दिशेचे केस तिला मागे येऊ देत नाहीत. ती हळूहळू पुढेच सरकते आणि पापुद्र्याला बारीक छिद्र पाडते. म्हणून पिशवी पसरण्यापूर्वी जागा हाताने चाचपावी, गवत आडवे करून त्यावर ताडपत्रीचा एखादा तुकडा घालावा आणि पँटला चिकटलेली कुसळे आत शिरण्याआधी उपटून टाकावीत. हे काम उजेड असतानाच होते. टॉर्चच्या प्रकाशात कुसळ दिसत नाही.

जागा

जागेची निवड चुकली तर महागडे सामानही फारसे उपयोगी पडत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोलगट भागात साठते. म्हणून ओढ्याचे पात्र, टाक्यांच्या आसपासचा सखल भाग किंवा वाटीसारख्या पठाराचा तळ इथे सर्वांत जास्त थंडी आणि सर्वांत जास्त दहिवर असते. हरिश्चंद्रगडावर हे स्पष्ट अनुभवता येते. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर खोलगट जागी, मंगळगंगेच्या काठी आहे, तिथे रात्री गारवा आणि ओलावा दोन्ही साठतात. उलट कोकणकड्याचे पठार उघडे असल्यामुळे तिथे वारा अंगावर येतो. अशा ठिकाणी या दोन्हींच्या मधली जागा शोधावी: सखल भागापेक्षा दहा-पंधरा मीटर उंच, वाऱ्याच्या बाजूला खडक, बांध किंवा कारवीची जाळी, आणि जमीन कोरडी.

हिवाळ्यात रात्रीचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, पण खिंडी आणि कडे त्याला वाटेल तसा वळवतात. त्यामुळे दिशा पुस्तकातून ठरवू नये. संध्याकाळी मूठभर वाळकी पाने सोडून पाहावे आणि काळोख पडल्यावर पुन्हा एकदा पाहावे. झोपताना पाय वाऱ्याकडे आणि डोके आडोशाला असावे. जमिनीला किंचित उतार असेल तर डोके वरच्या बाजूला घ्यावे, आणि सामान सोडण्याआधी त्या जागेवर एकदा प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे, कारण उभ्याने सपाट दिसणारी जमीन पाठीला वेगळेच सांगते.

झाडाखाली किंवा कातळाच्या छताखाली झोपले तर दहिवर फारच कमी पडते. कारण सोपे आहे: उघडी पिशवी आकाशाकडे उष्णता सोडून सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते, वर आडोसा असला तर हे गार होणे मंदावते. म्हणूनच बिव्ही बॅगबरोबर एक लहान, हलकी ताडपत्री किंवा पोंचो न्यावा, असा माझा आग्रह आहे. तो डोक्यापासून कमरेपर्यंत, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन काठ्या आणि दोऱ्या यांच्या आधाराने तिरका ताणावा. त्याच्या आडोशामुळे पिशवीचे तोंड मोकळे ठेवता येते, दहिवर अडते आणि अवकाळी सर आली तरी धांदल उडत नाही.

कड्याच्या काठापासून लांब राहावे. सूर्यास्ताला काठावर बसणे वेगळे आणि रात्री झोपेच्या गुंगीत लघवीसाठी उठून चालणे वेगळे. तसेच आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली मुक्काम करू नये आणि तिथे धूर तर मुळीच करू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे आणि इतरत्रही मुक्कामाला परवानगी आहे की नाही हे वन विभागाकडे किंवा पायथ्याच्या गावात आधी विचारावे. शेकोटीवर अवलंबून राहू नये. परवानगीचा प्रश्न असतोच, शिवाय एक ठिणगी पिशवीला भोक पाडण्यास पुरेशी असते, आणि शेकोटीने पुढची बाजू भाजत असताना पाठ गारच राहते. स्टोव्ह किंवा निखारे पिशवीजवळ, बंद गुहेत किंवा ताडपत्रीखाली कधीही ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झोपण्यापूर्वीचा तास

चढून आल्यावर अंगातले कपडे घामाने भिजलेले असतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून पोहोचल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांतच, अंग गरम असताना, कोरडे कपडे चढवावेत. सुती बनियन पहिल्यांदा उतरवावा. झोपण्याचे कपडे वेगळेच असावेत: लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, कोरडे जाड मोजे आणि माकडटोपी. हे कपडे दिवसा कधीही वापरू नयेत. सगळे जाकीट अंगावर चढवून घट्ट होण्यापेक्षा एखादे पावलांभोवती गुंडाळणे अधिक गुणकारी ठरते.

जेवण पोटभर आणि स्निग्ध असावे. बाजरीची भाकरी, पिठले आणि वर सढळ तूप याहून योग्य काही नाही, कारण स्निग्ध पदार्थ सावकाश पचतात आणि पहाटेपर्यंत शरीराला इंधन पुरवतात. उशाशी शेंगदाणा चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे ठेवावेत. पहाटे तीन-चारच्या सुमारास थंडीने जाग आली तर दोन घास खाऊन पुन्हा झोप लागते. मद्य घेऊ नये. त्याने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात उष्णता वेगाने निघून जाते.

घट्ट झाकणाच्या धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून मांड्यांच्या मध्ये ठेवावी. पावलांशी ठेवण्यापेक्षा इथे ती अधिक उपयोगी पडते, कारण मांडीतून जाणारे रक्त पायांपर्यंत ऊब नेते. गार अंगाने पिशवीत शिरू नये, कारण तिला गरम करणारे दुसरे कोणी नाही. वीस-तीस उठाबशा काढाव्यात, घाम येण्याच्या आधी थांबावे, लघवी करून यावे आणि मग आत जावे.

पिशवीच्या आत

आता मुख्य मुद्दा. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ही वाफ स्लीपिंग बॅगमधून बाहेर येते, बिव्ही बॅगच्या गार कापडाला लागते आणि आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. कापड कितीही चांगले असले तरी दमट रात्री ते सगळी वाफ बाहेर सोडू शकत नाही. सकाळी पिशवी गळते अशी तक्रार करणाऱ्यांनी बाहेरच्या कापडावर आणि आतल्या कापडावर असा दोनदा हात फिरवून पाहावा; पावलांच्या भागात स्लीपिंग बॅगचा वरचा थर ओला आणि तळ कोरडा असेल, तर ते पाणी बाहेरून आलेले नाही.

यातला निम्मा भाग श्वासाचा असतो आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. थंडी वाढली की नाक-तोंड आत ओढून घेण्याची इच्छा फार प्रबळ होते, तिला बळी पडू नये. स्लीपिंग बॅगची नाडी गळ्याभोवती आवळावी, तिचे टोपडे डोक्यावर घ्यावे आणि बिव्ही बॅगचे तोंड असे आवळावे की चेहऱ्यासमोर दोन मुठी जातील एवढे भोक उरेल आणि नाक त्या भोकात येईल. नाक गार पडत असेल तर त्यावर पातळ लोकरी मफलर घ्यावा. श्वासाची ओल मफलर धरतो आणि तो सकाळी सहज वाळतो. कूस बदलताना आतल्या आत वळू नये, दोन्ही पिशव्यांसह एकत्र वळावे, म्हणजे भोक नाकासमोरच राहते. तोंड पूर्ण बंद करून झोपणे, विशेषतः प्लास्टिकच्या किंवा लेप दिलेल्या पिशवीत, धोक्याचे आहे, कारण आत ताजी हवाच येत नाही.

उरलेल्या वाफेसाठी जरुरीपेक्षा जास्त कपडे घालू नयेत. घाम येऊ लागला आहे असे वाटताच, आळस न करता, झिप वीतभर उघडावी. रात्री दहाला किंचित गरम वाटणे म्हणजे पहाटे चारला ओले होणे.

ओले मोजे किंवा ओला टी-शर्ट वाळवण्यासाठी आत घेऊ नये. ते वाळतात, पण त्यांचे पाणी स्लीपिंग बॅगमध्ये जाते. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून उशाखाली ठेवावेत, म्हणजे विंचू शिरत नाही आणि दहिवरही पडत नाही. तरीही सकाळी ते झटकूनच घालावेत. उशाशी ठेवलेले दोन घास सोडून बाकीचा खाऊ सॅकमध्ये बंद ठेवावा, कारण गुहांमधले उंदीर वासावर येतात. टॉर्च गळ्यात असावी.

कुडकुडणे थांबत नसेल, तर पडून राहून सकाळची वाट पाहू नये. उठून बसावे, गोड काहीतरी खावे, कोमट पाणी प्यावे, हातपाय हलवावेत आणि सोबत्याला उठवावे. बोलणे अडखळू लागले, हातांनी झिप लावता येईना किंवा अंग गार असूनही कुडकुडणे थांबले, तर ही धोक्याची खूण आहे. अशा माणसाला एकटे सोडू नये, कोरड्या कपड्यांत आणि दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळावे आणि मदत मागवावी. याच कारणाने पहिल्या काही रात्री एकट्याने काढू नयेत.

हिमालयात बर्फावर झोपायचे असेल तर गणित बदलते. मॅटचे मूल्य चार-पाचच्या वर लागते, आतली वाफ थेंब होण्याऐवजी हिमकण होऊन कापडाला चिकटते, ओली झिप गोठते आणि बाटलीतले पाणी वरून गोठू लागते, म्हणून ती उलटी ठेवतात. सह्याद्रीत हात बसल्याशिवाय आणि जाणकार सोबत असल्याशिवाय तिथे फक्त बिव्ही बॅगवर विसंबू नये.

सकाळी

ऊन येताच आधी चहा न करता दोन्ही पिशव्या बाहेर काढाव्यात. बिव्ही बॅग उलटी करून झटकावी आणि दोन्ही स्वतंत्रपणे तापलेल्या कातळावर किंवा दोरीवर पसराव्यात. हवा कोरडी असेल तर अर्ध्या तासात काम होते. सकाळी धुके असेल तर ओल्या पिशव्या तशाच भराव्या लागतात. मग दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर त्या पहिल्यांदा बाहेर काढाव्यात, नाहीतर दुसऱ्या रात्री कालच्या ओलीतच झोपावे लागते.

घरी आल्यावर दोन्ही पिशव्या एक दिवस सावलीत टांगाव्यात. स्लीपिंग बॅग तिच्या लहान थैलीत कोंबून ठेवू नये, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. बिव्ही बॅगवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे: ते घरंगळले तर लेप शाबूत आहे, कापडात पसरले तर ती सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, पाणी झटकणारा लेप पुन्हा द्यावा. शिवणींवर आतून बोट फिरवून पट्टी कुठे सुटली आहे का तेही पाहावे, कारण ती पुढच्या मुक्कामाला निघण्याच्या आदल्या रात्री चिकटवता येत नाही.